शंभर रुपयांमागे पाच पैसे

२०२४ या एका वर्षात जगातल्या नऊ अण्वस्त्रधारी देशांनी आपापल्या अण्वस्त्रांवर मिळून १००.२ अब्ज डॉलर खर्च केले. हा अंदाज ‘आयकॅन’चा आहे, म्हणजे २०१७ चे शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या अण्वस्त्रबंदी मोहिमेचा. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ही रक्कम साडेआठ लाख कोटी रुपये होते.

आता दुसरा आकडा. अण्वस्त्रांचा धोका कमी व्हावा म्हणून खासगी दाते आणि प्रतिष्ठाने २०१४ ते २०२० या काळात वर्षाला सरासरी ४ कोटी ७० लाख डॉलरच्या आसपास देत होती. म्हणजे सुमारे ४०० कोटी रुपये.

दोन्हींचा भागाकार केला तर शस्त्रांवर खर्च होणाऱ्या दर शंभर रुपयांमागे धोका कमी करण्यासाठी पाच पैसेही पडत नाहीत. वेळेत मोजायचे तर दात्यांनी वर्षभरात दिलेली रक्कम हे नऊ देश चार तास आणि वर काही मिनिटांत संपवतात. ४०० कोटी हा आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर मुंबईकडे पाहावे. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२४ च्या गणेशोत्सवासाठी ४०० कोटी ५८ लाख रुपयांचा विमा उतरवला होता. एका मंडळाच्या पाच दिवसांच्या उत्सवाचे विमासंरक्षण आणि अणुयुद्ध टळावे म्हणून साऱ्या जगातून वर्षभरात आलेली देणगी, दोन्ही रकमा जवळपास सारख्या.

शंभराला पाच पैसे हे प्रमाण ऐकायला चटकदार असले तरी ते पुरते न्याय्य नाही. देणगीदार पाणबुड्या बांधत नाहीत. पाणबुडीचे पोलाद आणि अभ्यासकाचा पगार यांची किंमत एका तराजूत घालण्यात फारसा अर्थ नाही. तुलना करायचीच तर मन वळवण्यावरच्या खर्चाशी करावी. अण्वस्त्रांची कंत्राटे असलेल्या कंपन्यांनी २०२३ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स या दोनच देशांत सरकारदरबारी वजन टाकण्यासाठी, म्हणजे लॉबिंगसाठी, ११ कोटी ८० लाख डॉलर खर्च केले. शस्त्रे वाढावीत म्हणून बोलणाऱ्यांची थैली कमी व्हावीत म्हणणाऱ्यांच्या थैलीच्या अडीचपट भरते, तीही केवळ दोन देशांत.

दानशूरांकडे पैसा नाही असेही नाही. अमेरिकेत २०२३ साली सर्व प्रकारच्या देणग्या मिळून ५५७ अब्ज डॉलर झाल्या. चर्च, विद्यापीठे, रुग्णालये, प्राणिमित्र संस्था, सगळे त्यात आले. हवामानबदल रोखण्याच्या कामाला त्याच वर्षी जगभरातून ९ ते १६ अब्ज डॉलरच्या दरम्यान देणग्या गेल्याचा अंदाज आहे. खालची बाजू धरली तरी ती रक्कम अण्वस्त्रांच्या प्रश्नाला मिळणाऱ्या पैशाच्या जवळपास दोनशेपट होते. हवामानाला जास्त मिळते याबद्दल तक्रार नाही. पण माणसाच्या हातून सगळ्या जगाचा घात होऊ शकेल अशा दोन गोष्टींपैकी एकीला दोनशे वाटे आणि दुसरीला एक, या वाटणीचा हिशेब कोणी मांडून केलेला दिसत नाही. ती होत गेली आहे.

एवढ्याशा पैशात होते काय, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर बेलग्रेडच्या वेशीवरच्या विन्चा अणुसंशोधन संस्थेत सापडते. तिथल्या जुन्या अणुभट्टीसाठी सोव्हिएत संघाने दिलेले सुमारे ४८ किलो अतिसमृद्ध युरेनियम पडून होते. दोन अणुबॉम्बना पुरेल एवढा हा माल, आणि राखण जेमतेम. युगोस्लाव्हियाची शकले झाली, १९९९ मध्ये नाटोचे बॉम्ब बेलग्रेडवर पडले, तरी साठा तिथेच राहिला. अमेरिकेला तो हलवायचा होता. बेलग्रेडच्या सरकारची अट होती की नवे इंधन नेता आहात तर अणुभट्टीतल्या वापरलेल्या, किरणोत्सारी इंधनाची विल्हेवाटही लावून द्या. अडचण इथे आली. तशा साफसफाईवर पैसा खर्च करण्याची मुभा अमेरिकी सरकारला त्या योजनेत नव्हती. अब्जावधींचे अंदाजपत्रक असलेले सरकार काही लाख डॉलरच्या एका रकान्यापाशी अडले.

ती अडचण ‘न्यूक्लियर थ्रेट इनिशिएटिव्ह’ने, म्हणजे एनटीआयने सोडवली. सीएनएनचे संस्थापक टेड टर्नर आणि माजी सिनेटर सॅम नन यांनी २००१ मध्ये ही संस्था काढली होती. तिने ५० लाख डॉलर दिले. २२ ऑगस्ट २००२ च्या पहाटे बाराशे सशस्त्र जवानांच्या पहाऱ्यात युरेनियम विमानतळावर पोहोचले आणि तिथून रशियातल्या दिमित्रोवग्रादला गेले. वापरलेले इंधन निघायला मात्र २०१० उजाडले. यातला खासगी पैशाचा वाटा त्याच्या आकाराने जोखता येत नाही. तो नसता तर बाकीचे सरकारी पैसे, विमान आणि जवान जागच्या जागी राहिले असते, एवढे खरे.

असेच एक त्याहून मोठे प्रकरण त्याआधी दहा-अकरा वर्षांपूर्वीचे आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत उठावाचा प्रयत्न फसला आणि सोव्हिएत संघ ढासळणार हे दिसू लागले. सुमारे ३० हजार अण्वस्त्रे कोणाच्या ताब्यात राहणार, हे कोणालाच सांगता येत नव्हते. हार्वर्डमध्ये अ‍ॅश्टन कार्टर आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नावर अभ्यास केला. त्यांच्या पाठीशी कार्नेगी कॉर्पोरेशन ऑफ न्यूयॉर्कचे पैसे होते. अमेरिकी संसदेत त्या वेळी सोव्हिएतांना मदत हा शब्दही चालत नव्हता, काही दिवसांपूर्वीच तशी एक सूचना बारगळली होती. १९ नोव्हेंबरला सॅम नन यांच्या कार्यालयात बैठक झाली. दुसरे सिनेटर रिचर्ड लुगर, कार्टर, विल्यम पेरी, ब्रुकिंग्जचे जॉन स्टाइनब्रुनर आणि कार्नेगीचे अध्यक्ष डेव्हिड हॅम्बर्ग तिला हजर होते. सहाच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, सिनेटने ८६ विरुद्ध ८ मतांनी नन-लुगर तरतूद मंजूर केली. पहिल्या वर्षी अण्वस्त्रे मोडीत काढण्यासाठी ४० कोटी डॉलर ठेवले गेले. पुढच्या दोन दशकांत या कार्यक्रमाने ७,६०० हून अधिक अण्वस्त्रे निकामी केली, आणि युक्रेन, कझाकस्तान, बेलारूस अण्वस्त्रमुक्त झाले.

हे सारे श्रेय कार्नेगीच्या धनादेशाला देणे भाबडेपणाचे ठरेल. नन आणि लुगर यांच्यासारखे दोन पक्षांचे दोन वजनदार सिनेटर नसते तर हार्वर्डचा अहवाल कपाटात गेला असता. शिवाय युक्रेनमध्ये आज या आठवणीला कडवट चव आहे. अण्वस्त्रे सोडून मिळालेली सुरक्षेची कागदी हमी २०१४ आणि २०२२ च्या रशियन आक्रमणांत किती टिकली हे सगळ्यांनी पाहिले. तरीही त्या सहा दिवसांतले एक साधे सत्य उरतेच: राजकारण्यांना उत्तर हवे झाले तेव्हा ते तयार होते, कारण आधीच कोणीतरी अभ्यासकांचे पगार दिले होते. एरवी या प्रश्नाला मतपेटीत किंमत नाही. ती अचानक येते, आणि अभ्यास करायला सवड न देता येते.

नन-लुगरच्या पैशातून १९९४ मध्ये आणखी एक मोहीम झाली. कझाकस्तानात ओस्केमेन नावाचे शहर आहे, सोव्हिएत काळातले उस्त-कामेनोगोर्स्क. तिथल्या उल्बा धातू कारखान्यात सुमारे ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम मागे राहिले होते. वीसहून अधिक बॉम्बचा माल. कझाकस्तान सरकारने स्वतःहून अमेरिकेला कळवले, अमेरिकेने तो विकत घेतला आणि लष्करी मालवाहू विमानांनी टेनेसीतल्या ओक रिजला नेला.

बारा वर्षांनी या कारखान्याचे नाव वेगळ्या संदर्भात पुढे येण्याची सुरुवात झाली. २००६ मध्ये वॉरन बफे यांनी एनटीआयमार्फत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला ५ कोटी डॉलर देऊ केले. कल्पना अशी, की कमी समृद्ध युरेनियमचा एक आंतरराष्ट्रीय साठा असावा. एखाद्या देशाचा इंधनपुरवठा राजकारणामुळे तुटला तर त्याने तिथून इंधन घ्यावे, म्हणजे स्वतःचा समृद्धीकरणाचा कारखाना उभारण्याचे निमित्त उरणार नाही. वीजनिर्मितीसाठी युरेनियम समृद्ध करणारी यंत्रेच पुढे बॉम्बचे युरेनियमही तयार करू शकतात, ही यातली मेख.

बफे व्यापारी माणूस. त्यांनी अट घातली की सदस्य देशांनी मिळून १० कोटी डॉलर दिले तरच हे ५ कोटी मिळतील. मुदत दोन वर्षांची होती, ती वाढवावी लागली. अमेरिकेने जवळपास ५ कोटी डॉलर दिले, युरोपीय संघाने अडीच कोटी युरोपर्यंत, संयुक्त अरब अमिरातीने एक कोटी डॉलर, नॉर्वेने ५० लाख. मार्च २००९ मध्ये कुवेतने एक कोटी दिले आणि अट पूर्ण झाली. जागा द्यायला कझाकस्तान तयार झाला, आणि निवडला गेला तो उल्बाचाच कारखाना. २९ ऑगस्ट २०१७ ला उद्घाटन झाले. १९४९ मध्ये सोव्हिएत संघाची पहिली अणुचाचणी आणि १९९१ मध्ये सेमिपलातिन्स्क चाचणीस्थळ बंद करण्याचा हुकूम या दोन्हींची ही तारीख. २०१९ च्या ऑक्टोबरात युरेनियमच्या ३२ टाक्या आल्या, डिसेंबरात २८. एकूण ९० टन. १,००० मेगावॉटच्या एका अणुभट्टीचा पूर्ण भरणा त्यातून होतो, मोठ्या शहराला तीन वर्षे वीज पुरेल इतका.

पाच कोटींवर दहा कोटी खेचून आणणारी ही देणगी हिशेबात देखणी दिसते. पण टाक्या अजून जागेवर आहेत, आणि ज्या देशाकडे बघून ही योजना आखली असे सगळेच मानत होते त्या इराणने समृद्धीकरण थांबवले नाही. २०२१ मध्ये तो ६० टक्क्यांपर्यंत पोहोचला. मग बफेंचे पैसे वाया गेले का? मला तसे वाटत नाही. पण ‘वाया गेले नाहीत’ हे सिद्ध करून दाखवता येत नाही, आणि या क्षेत्रातल्या दानाचे खरे दुखणे इथेच आहे. किती मुलांना लस दिली, किती गावांत पाणी पोहोचले, हे मोजता येते. न झालेले युद्ध मोजता येत नाही.

मॅकआर्थर फाउंडेशनची गोष्ट इथून सुरू होते. १९८० च्या दशकापासून ही शिकागोची संस्था या क्षेत्रातली सर्वांत मोठी देणगीदार. अलीकडच्या वर्षांत तिचा वाटा वर्षाला दीड कोटी डॉलरच्या घरात होता, म्हणजे एकूण रकमेचा साधारण तिसरा हिस्सा. २०१५ मध्ये तिने अण्वस्त्रांच्या प्रश्नावर मोठा डाव लावायचे ठरवले. मग बाहेरच्या मूल्यमापकांना विचारले की आपण उद्दिष्टाच्या दिशेने जात आहोत का. ठरवलेल्या उद्दिष्टापर्यंत पोहोचण्याचा मार्ग दिसत नाही, असा त्यांच्या उत्तराचा सूर होता. जुलै २०२१ मध्ये बातमी आली की २०२३ च्या अखेरीस संस्था या कामातून बाहेर पडणार. ४ कोटी ७० लाखांतून दीड कोटी वजा केले की उरतात तीन कोटींच्या वर थोडे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि मॉस्कोतून अण्वस्त्रांच्या धमक्या सुरू झाल्या, तेव्हा हा निर्णय होऊन सात महिने झाले होते.

मूल्यमापनाचा निष्कर्ष चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. त्या वर्षांत करार मोडत होते, नवे होत नव्हते. पण हाच निकष सरकारी खर्चाला लावून पाहा. अमेरिकेच्या ‘सेंटिनेल’ क्षेपणास्त्र प्रकल्पाचा मूळ अंदाज ७७.७ अब्ज डॉलरचा होता. जुलै २०२४ मध्ये तो ८१ टक्क्यांनी वाढून १४०.९ अब्जांवर गेला, आणि प्रकल्प चालूच ठेवायचे ठरले. फक्त अंदाज चुकल्याने वाढलेली ६३ अब्जांची रक्कम घेतली, तर दात्यांचा जुना वार्षिक खर्च त्यातून १,३०० वर्षे भागेल. क्षेपणास्त्राच्या ठेकेदाराला उशीर माफ असतो. शांततेच्या अभ्यासकाला सहा वर्षांत निकाल दाखवावा लागतो.

त्याच जुलै २०२१ च्या आसपास आणखी एक गोष्ट घडत होती. जूनच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या मिडलबरी संस्थेच्या संशोधकांनी व्यापारी उपग्रहांच्या छायाचित्रांत चीनच्या वाळवंटात, युमेनजवळ, क्षेपणास्त्रांसाठी खणलेली सुमारे १२० नवी भुयारे शोधून काढली. जुलैअखेर फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्सने हामीजवळ दुसरे क्षेत्र दाखवले. हे काम गुप्तहेर खात्यांचे नव्हते. पडद्यावर चौकोन शोधत बसलेल्या मूठभर माणसांनी ते केले, आणि अशा गटांचे पगार मुख्यतः प्रतिष्ठानांच्या अनुदानांतून होतात. जगात १२,२४१ अण्वस्त्रे आहेत, चीनकडे ६००, भारताकडे १८०, पाकिस्तानकडे १७० असे जे आपण वर्तमानपत्रात वाचतो, ते स्टॉकहोमच्या सिप्री या संशोधन संस्थेचे जानेवारी २०२५ चे आकडे. त्यांच्यामागेही याच फेडरेशनचे अभ्यासक आहेत. भारत किंवा पाकिस्तान सरकार असा आकडा जाहीर करत नाही.

या मोजदादीचे मोल आता वाढले आहे. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या ‘न्यू स्टार्ट’ कराराखाली एकमेकांच्या तळांवर ३२८ प्रत्यक्ष तपासण्या झाल्या, २५ हजारांहून अधिक सूचनांची देवघेव झाली. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे तपासण्या थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत, फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने करारातला सहभाग स्थगित केला, आणि कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ ला संपली.

दात्यांच्या मर्जीवर चालणाऱ्या कामाला दुसरा रोगही असतो. टर्नर यांनी एनटीआयला पाच वर्षांत २५ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले होते. त्यांची संपत्ती एओएल टाइम वॉर्नरच्या शेअरमध्ये होती. भाव कोसळला आणि संस्थेचे बेत आखडले. अणुबॉम्बच्या कच्च्या मालाची राखण न्यूयॉर्कच्या शेअरबाजारावर अवलंबून असावी, ही व्यवस्था कोणी शुद्धीवर असताना आखणार नाही. पण ती आहे.

आणि पैसा फिरतो तो बहुतांशी अमेरिकेतच. देणारे अमेरिकी, घेणाऱ्या संस्था वॉशिंग्टन, बोस्टन, कॅलिफोर्नियातल्या. सीमेला सीमा लागलेले दोन अण्वस्त्रधारी देश, अधूनमधून गोळीबार आणि मे २०२५ सारखे संघर्षाचे चार दिवस, अशी आपली परिस्थिती असताना दक्षिण आशियाचा वाटा नगण्य आहे. उदाहरण द्यायचे तर भारत-पाकिस्तान अणुयुद्ध झाले तर काय होईल याचा सर्वांत तपशीलवार हिशेब अमेरिकेत झाला. रटगर्स विद्यापीठाचे अ‍ॅलन रोबॉक आणि कोलोरॅडोचे ब्रायन टून यांच्या गटाला फेसबुकचे सहसंस्थापक डस्टिन मॉस्कोविट्झ यांच्या पैशावर उभ्या असलेल्या ‘ओपन फिलॅन्थ्रॉपी’ने २०१७ मध्ये सुमारे ३० लाख डॉलर दिले. २०१९ च्या त्यांच्या निबंधात दोन देशांत तत्काळ ५ ते साडेबारा कोटी मृत्यूंचा अंदाज होता. २०२२ च्या अभ्यासाने पुढची पायरी मोजली: काजळीने सूर्यप्रकाश अडून पिके बुडाली तर जगभरात उपासमारीने मरणारे दोनशे कोटींहून अधिक. या आकड्यांवर शास्त्रज्ञांत वाद आहे, विशेषतः किती काजळी किती उंच जाईल यावर. असो. लाहोर आणि मुंबई जळाल्यावर गव्हाचे काय होईल, हे विचारायला पैसे कॅलिफोर्नियातून यावे लागले.

भारतीय दानाला या विषयाचे वावडे होते असे नाही. १९५५ च्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यानंतर शास्त्रज्ञांची पहिली परिषद भारतात भरवायची तयारी नेहरूंनी दाखवली होती. सुएझच्या पेचात ते राहून गेले, आणि जुलै १९५७ मध्ये २२ जण कॅनडातल्या पगवॉश गावी जमले ते क्लीव्हलँडचे उद्योगपती सायरस ईटन यांच्या खर्चाने. पुढे १९९५ चे नोबेल पगवॉश परिषदा आणि जोसेफ रॉटब्लॅट यांना विभागून मिळाले. आणि अणुविज्ञानाला देणगी द्यायची झाली तेव्हा मुंबईने हात आखडला नव्हता. १२ मार्च १९४४ ला होमी भाभांनी सर सोराब सकलातवालांना पत्र लिहिले आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, उभी राहिली. अणूचे विज्ञान शिकायला पैसा मिळाला. त्याच्या धोक्याचा अभ्यास करायला तसा ट्रस्ट पुढे आला नाही.

कंपनी कायद्याखाली भारतीय कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा, खर्च २०२२-२३ मध्ये सुमारे ३० हजार कोटी रुपये होता. त्याचा एक टक्का म्हणजे ३०० कोटी. मॅकआर्थर गेल्यावर जगात उरलेल्या रकमेपेक्षा जास्त. या घडीला मात्र तो देणे सोपे नाही. कोणत्या कामांवरचा खर्च सीएसआर धरायचा याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक, शिक्षण, पर्यावरण, वारसा, माजी सैनिकांचे कल्याण, खेळ, आपत्ती निवारण असे बरेच काही तिथे आहे, अण्वस्त्रांचा धोका नाही. कंपन्यांतल्या काही मोठ्या संरक्षण खात्याच्या कंत्राटदारही आहेत, त्या तशी मागणी करतील असे वाटत नाही. पण हे परिशिष्ट बदलायला संसदेत विधेयक आणावे लागत नाही. केंद्र सरकारची अधिसूचना पुरते, आणि आजवर ते अनेकदा तसेच बदलले आहे.